अप्पांचा डावा हात

आमच्यात, म्हणजे लिंगायत वाण्यांत, माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालून, भस्म लावून, त्याच्या गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसल्या बसल्या माती देतात. लिंग हातात असलं की माणूस शिवाला जाऊन मिळतो, यावर माझ्या आईचा, आमच्या अव्वाचा, पक्का विश्वास होता. वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, नव्हता. तरी दोघांचा संसार चांगला चालला होता.

कळंबच्या पेठेत अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. राज्य निजामाचं. मी लहान असताना एका वर्षी पटकीची साथ आली आणि धर्मशाळेत एक परका वाटसरू मेला. तो कोण, कुठला, कुठल्या जातीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला जाळायचं की पुरायचं यावर पेठेत खल सुरू झाला आणि खल करता करता दुपार टळून गेली. शेवटी अप्पा गादीवरून उठले आणि त्यांनी शेजारच्या मणेराला हाक मारली. हा मणेर मुसलमान, गावातल्या बायकांना बांगड्या भरायचा. अप्पांनी त्या माणसाला धुतलं, मणेरानं खड्डा खणला, दोघांनी मिळून माती लोटली. देवाचं नाव कुणीच घेतलं नाही. कुठल्या देवाचं घेणार?

दुसऱ्या दिवशी मठाचे स्वामी समाजातली माणसं घेऊन दारात उभे. तुमचं लिंग बाटलं, शुद्ध करून घ्या, म्हणाले.

"स्वामी, आपल्यात तर मेल्याचं सुतक पाळत न्हाईत," अप्पा म्हणाले.

"सुतकाचं न्हाय. मढं कुणाचं हुतं, त्याचं हाय."

अप्पांनी गळ्यातला दोरा काढला आणि लिंगाची चांदीची डबी अव्वाच्या हातात दिली. "माणसाला हात लावल्यानं जे बाटतं, ते म्या गळ्यात बांधून काय करू?" एवढं बोलून ते दुकान उघडायला गेले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मनातून ते आधीच कधीतरी उतरलं असावं, असं मला आता वाटतं. समाजानं आमच्या घरचं पाणी बंद केलं. ज्या बाया अव्वाच्या हातच्या पोळ्या चापून गेल्या होत्या, त्याच आता दारावरून पदर सावरत जायच्या.

देव सोडला की माणूस ताळतंत्र सोडतो, असं लोकांना उगीच वाटतं. अप्पा येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेला कधी गेले नाहीत, पण चैत्रात यात्रेकरूंसाठी दुकानापुढं रांजण भरून ठेवायचे आणि पाणी देताना कुणाला काही विचारायचे नाहीत. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला, तेव्हा मणेराचं सगळं बिऱ्हाड आमच्या ज्वारीच्या कोठीत राहिलं. कुणी यात कसलं पुण्य म्हणून विचारलं, तर अप्पा वैतागायचे. "दुसऱ्याला लागलं तर दुखतं, एवढं कळायला देव कशाला पायजे?" म्हणायचे.

आणि रोज सकाळी नदीकडं जाऊन अव्वाच्या पूजेला बेल आणायचे. पेठेत सगळे चिडवायचे, अप्पांचा देव सुटला पण बेल काही सुटेना. अप्पा हसायचे. "देव तिचा हाय. म्या बेल तिला आणतो."

अव्वा आपलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. मग अप्पांची डबी उघडायची आणि त्यांच्या लिंगाचीही पूजा करायची. अप्पा समोर भिंतीला टेकून न्याहारीची वाट बघत बसलेले असायचे. त्यांना सगळं दिसायचं, पण त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

फौज आल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अप्पांना कावीळ झाली. झाडपाला झाला, बार्शीचा डॉक्टर झाला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अन्न सुटलं. एका सकाळी त्यांनी अव्वाला जवळ बोलावलं. मी पाय चेपत होते.

"म्या गेल्यावर ते माझ्या हातात देऊ नको," ते म्हणाले. "जल्मभर बाजूला ठिवलं अन् मरताना धरलं, तर म्या खोटा पडंन."

अव्वानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मग तुमी मला तिकडं सापडायचे कसे?"

वाद घालायला अप्पा कधी कमी नव्हते, पण त्या वेळी त्यांनी वाद घातला नाही. तिचा हात हातात घेतला. "तिकडचं मला ठावं न्हाय. हितं तू हायस, एवढंच ठावं हाय."

अव्वा रडली. पण हो म्हणाली नाही. आठ-दहा दिवसांत अप्पा गेले.

इतकी वर्षं उंबरा न चढलेले स्वामी त्या दिवशी घरात आले, मागून समाज आला. झालं गेलं विसरू म्हणाले. अप्पांना भिंतीशी बसवलं होतं, आणि त्यांचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. फक्त हातात लिंग द्या, सगळं रीतीनं करू, समाज खांदा देईल, असं स्वामी गोड आवाजात सांगत होते. त्या गोड आवाजाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अव्वानं पेटीतून डबी आणली. डबी उघडली. देईल असंच वाटलं, आणि दिलं असतं तर तिला बोल लावायची माझी छाती झाली नसती. तिनं अप्पांचा हात उचलला, त्याच्याकडं बघत राहिली. मग त्यांची बोटं एकेक करून मिटवली आणि डबी बंद केली.

"त्यान्ला नको हुतं," ती म्हणाली.

"बाई, मग त्यान्ला तिकडं जागा न्हाय," स्वामी म्हणाले. "ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

समाज उठून गेला. मणेर, त्याची मुलं आणि दुकानातले हमाल यांनी अप्पांना आमच्या रानात नेलं. मणेर पुढं जाऊन खणत होता. आम्ही पोचलो तर खड्डा लांबट खणलेला, त्यांच्यात निजवण्यासाठी खणतात तसा. चूक लक्षात आली तेव्हा तो कपाळावर हात मारून मटकन खाली बसला. "भाभी, गलती झाली. तुमच्यात बसवतात, ध्यानातच न्हाय आलं. पुन्हा खणतो."

अव्वानं वाकून खड्ड्यात बघितलं. "असू द्या. जल्मभर दुकानात बसूनच होते. आता निजू द्या."

परतताना आम्ही दोघीच मागं राहिलो होतो. मी तिला विचारलं, तुझा एवढा विश्वास, मग लिंग दिलं का नाहीस? स्वामीही खूश झाले असते, तुझ्याही जिवाला बरं वाटलं असतं.

"हात त्यांचा हुता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बेल मी आणू लागले. अव्वानं दोन्ही लिंगांची पूजा कधी चुकवली नाही. शिवावरचा तिचा विश्वास शेवटपर्यंत तसूभरही ढळला नाही, आणि मला सगळ्यात मोठं दुःख त्याचंच होतं. अप्पांचा परलोकावर विश्वास नव्हता, त्यामुळं त्यांचं काही गेलं नाही. जे गेलं ते तिचं.

पुढं एकदा पूजा आटोपल्यावर ती अप्पांच्या डबीवरून बोट फिरवत बसली होती. मी न्याहारी वाढून तिला हाक मारली. तिनं वर बघितलं नाही.

"हितं ते मला रोज बेल आणून द्यायचे," ती म्हणाली. "तिकडं म्या एकलीच असंन."