अर्धीच मोजलेली कमान

त्या कमानीची अर्धी मापं खोटी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये मी बरीच वर्षं गाड्यांच्या बॉनेटची, दरवाजांची ड्रॉइंग्ज केली. मग आमच्या ऑफिसला फ्रान्समधल्या एका जुन्या गॉथिक कॅथेड्रलच्या दुरुस्तीचं काम मिळालं. तिकडे लेझरने मोजायचे, इथे आम्ही ड्रॉइंग करायचो, आणि त्यावरून तिकडचा पाथरवट झिजलेल्या दगडांच्या जागी नवे घडवायचा.

एका टोकदार कमानीची उजवी बाजू परांचीआड गेली होती. तिची मापं आलीच नाहीत. पुन्हा मोजून मागवायचं तर काम अडणार.

शेजारचा नागपूरकर म्हणाला, "मिरर कर ना यार. बॉनेट काय दोन्हीकडून मोजत होता तू?"

गाडीत आम्ही अर्धंच काढतो. डावं झालं की तेच उलटवून उजवं. शेकडो वर्षांपूर्वी हातांनी रचलेल्या कमानीत दोन्ही बाजू सारख्या नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी मिरर केलं. ड्रॉइंगवर 'मोजलेलं' की 'अंदाजे' असा रकाना असतो. त्यात मी 'मोजलेलं' लिहिलं.

दगड बसेनात. पाथरवट साठीच्या पुढचा. बसवायच्या खटपटीत त्याने ते तासले होते, त्यामुळे ड्रॉइंगशी ताडून बघायला काही उरलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर त्याने उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "चूक याची. म्हातारा झाला हा."

मॅनेजरने मला विचारलं, "ड्रॉइंग चेक केलंस?"

"केलं," मी म्हणालो.

परांची हलल्यावर खरी मापं आली. मी ड्रॉइंग गुपचूप बदललं. त्यावरून दुसऱ्या पाथरवटाने दगड घडवले, ते पहिल्याच खेपेला बसले. मग चूक म्हाताऱ्याच्या हाताचीच, यात कुणाला शंकाच उरली नाही. पुढच्या कॉलवर मी सहज विचारल्यासारखं त्या म्हाताऱ्याचं विचारलं. कळलं की तो आता जुन्या दगडांवर नुसते नंबर घालतो. छिन्नी त्याने आपणहून खाली ठेवली.

त्याचा हात चुकला नव्हता, उजवी बाजू मोजलेलीच नव्हती, 'मोजलेलं' मी खोटं लिहिलं होतं. एवढं त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे. ऑफिसच्या मेलमधून नाही, समोर उभं राहून.