दानुतेचं तळं

दानुते गेल्याचं तिच्या मुलीने, इएवाने, मला फोनवर सांगितलं. माझी नऊची मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद करून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून ऐकत राहिले. इएवा लिथुआनियातल्या व्हिल्न्यूसहून बोलत होती. कोविडच्या प्रवासबंदीमुळे तिला लगेच निघता येत नव्हतं. आई झोपेतच गेली, हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी तिला कळवलं होतं. तिचं इंग्रजी सफाईदार होतं. ते ऐकताना माझ्या मनात भलताच विचार आला, की दानुतेबद्दल इतक्या न अडखळणाऱ्या भाषेत मी पहिल्यांदाच काही ऐकतेय... फोन ठेवला आणि परत मीटिंगमध्ये जाऊन बसले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

आमची ओळख डच शिकण्याच्या वर्गातली. मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आलेली, झुइडास या ऑफिसांच्या भागात नोकरीला चिकटलेली. ती पन्नाशी ओलांडलेली, दुसऱ्या नवऱ्यामागे लिथुआनिया सोडून आलेली चित्रकार. नवरा तीन वर्षांत वारला, ही इथेच राहिली. आम्ही दोघी बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरात दोन रस्ते सोडून राहत होतो, म्हणून वर्ग सुटल्यावर सायकली हातात धरून बरोबर चालत यायचो. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तिची लिथुआनियन किंवा रशियन, त्यामुळे पंधरा वर्षं आम्ही बोललो ते मोडक्या डचमध्ये. कर्ता, क्रियापद, बस्स. तू आणि तुम्ही यातला फरक तर आम्हाला दोघींनाही कधी धड जमला नाही, म्हणून वयाने आईएवढी असूनही ती तूच झाली. आता मराठीत लिहिताना ‘त्या’ म्हणावं का, असं दोनदा वाटलं. नको. ती माझ्यासाठी ‘ती’च आहे.

ती एका फ्रेमच्या दुकानात काम करायची आणि उरलेल्या वेळात एकच तळं रंगवायची. लहानपणी तिच्या घरामागे होतं ते. हिवाळ्यातलं, पावसातलं, कडेला लाकडी धक्का असलेलं, नसलेलं. इथली सपाट हिरवी जमीन तिने कधी काढली नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली की इथलं आकाश या डच चित्रकारांनी कधीच काढून संपवलंय. तिला स्वस्थ बसवत नसे. आमच्याकडे जेवायला आली की वरणभात ताटात पडायच्या आत उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून यायची. माझी मुलगी ईरा तिला डचमध्ये ‘वाकडं बघणारी आजी’ म्हणायची. तिला ते आवडायचं.

आर्नहेम शहराच्या पुढच्या एका छोट्या संग्रहालयाने तिच्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. ती कुरकुरत होती, की सगळे मला मागे वळून बघायला सांगतात आणि माझी मान दुखते. पण एका चित्रासाठी ती आतून अधीर झाली होती. देश सोडताना तळ्याचं सगळ्यात मोठं चित्र तिने गावातल्या डॉक्टरांना देऊन टाकलं होतं. नंतर तिला ते पाहायला मिळालं नव्हतं. आता तेही येणार होतं. चित्रं आली, भिंतींवर लागली, आणि उद्‌घाटनाच्या आठवड्यात लॉकडाउनमुळे देशातली सगळी संग्रहालयं बंद झाली. अख्खा हिवाळा ती चित्रं कुलपाआड राहिली.

शेवटी वसंतात तिथल्या संयोजिकेने खास परवानगी काढली. दानुतेने एक माणूस बरोबर घेऊन यावं, तासभर पाहावं. मी गाडीने नेणार होते. आदल्या दिवशी नीरजची, माझ्या नवऱ्याची, कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली. मी तिला फोन केला. ट्रेनने एकटी जाते म्हणाली, तर मी चिडले. तुझं हृदय नाजूक आहे, डब्यात कोण कसं असेल माहीत नाही, दहा दिवस थांब, मी नेते ना. शेवटी ती म्हणाली, “दहा दिवस काहीच नाहीत.”

आठव्या दिवशी इएवाचा फोन आला.

अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. त्यानंतर घरात माझे पाय ठरेनात. कपाटं आवरली, परत विस्कटली. मी थांब म्हटलं नसतं तर... हेच एक डोक्यात फिरत होतं. नीरज म्हणाला, तू बरोबरच वागलीस. मला तेही ऐकवेना.

जूनमध्ये संग्रहालयं उघडली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्याची वेळ घेतली आणि एकटी गेले. तीन दालनं भरभर ओलांडली. शेवटच्या दालनात ते मोठं तळं होतं. पिवळट करडं पाणी, कडेला लव्हाळे. इतर चित्रांपेक्षा ते बरंच खाली लावलेलं दिसत होतं. मी बराच वेळ हलले नाही, तेव्हा दारातल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या राखणदार बाई जवळ आल्या. मी चित्रकर्तीला ओळखत होते का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. दानुते तिथे येऊन गेली होती. एकटी, ट्रेनने, मास्क लावून, संयोजिकेकडून वेळ बदलून घेऊन. त्यांनी सांगितलेली तारीख आमच्या फोननंतरच्या तिसऱ्याच दिवसाची होती. आधी सगळं नीट पाहिलं. मग या चित्रासमोर थांबून म्हणाली, हे फार वर लावलंय, तळं खाली असतं. माणूस बोलावून तिने ते वीतभर खाली घ्यायला लावलं, आणि मग समोरच्या बाकावरून उरलेला वेळ हलली नाही. ती बसून राहिली, याचंच मला नवल वाटलं.

“जाताना म्हणाली, कुणाला सांगू नका,” बाई म्हणाल्या. “म्हणाली, पुढच्या आठवड्यात माझी मैत्रीण मला इथे आणणार आहे. तेव्हा मी पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार आहे.”

मी बाकावर बसले. तिने चित्र पाहिलं होतं, छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलंही. पण लगेच दुसरं काही बोचायला लागलं. त्या प्रवासाची दगदग तिला भोवली असेल का? डॉक्टर इएवाला म्हणाले होते, हृदय केव्हाही थांबलं असतं. आणि ती माझ्यासाठी थांबली नाही, याचा मला राग आला होता, हेही खरं. माझं न ऐकून तिने तिचं तळं पाहिलं. ऐकलं असतं तर पाहिलंच नसतं. माझ्यावर मात्र एवढी माया, की मला आनंद व्हावा म्हणून ती नाटक करायला तयार होती...

तेवढ्यात मला चौकटीच्या वर, पांढऱ्या भिंतीवर, खिळ्याचं एक भोक दिसलं. चित्र आधी तिथे होतं. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, बुजवायचं राहून गेलंय, सांगते मी. मी म्हटलं, राहू द्या.

प्रदर्शन पानगळीपर्यंत आहे. मी तीनदा जाऊन आले, एकदा ईराला घेऊन. प्रत्येक वेळी आधी ते भोक पाहते, मग चित्र. अजून तरी ते कुणी बुजवलेलं नाही.