लावलेलीच असते ती पिन

आग विझली होती. सार्जंट जगताप शिडीवरून फोमनं माखलेल्या विमानावर चढले, कॉकपिटमधल्या पुतळ्याचे पट्टे कापले आणि त्याला काखेत धरून वर ओढलं. खाली त्यांच्या टीमनं टाळ्या वाजवल्या. मी शिट्टी वाजवली.

"थांबा. जगताप, तुम्ही मेलात. पायलटही मेला."

नगरबाहेरच्या माळावर आमचं ट्रेनिंग ग्राउंड आहे. भंगारात निघालेल्या एका लढाऊ विमानाचा सांगाडा तिथं ठेवलाय. त्याच्याभोवती आग लावायची, विझवायची, पायलट बाहेर काढायचा. हवाई दलातून रिटायर झाल्यापासून मी ही परीक्षा घेते.

लढाऊ विमानातली सीट म्हणजे रॉकेटवर ठेवलेली खुर्ची. संकटात हँडल ओढलं की पायलटसकट बाहेर उडते. म्हणून पायलटला हात लावण्याआधी सीटला सेफ्टी पिन लावायची. मग हँडलला धक्का लागला तरी सीट जागची हलत नाही.

जगताप खाली आले. "मॅडम, पिन तर कायम लावलेलीच असती."

"आज नव्हती."

"कुणी काढली?"

"मी. सकाळी."

सरावात पिना हरवायच्या, म्हणून कुणीतरी एक पिन लावून तारेनं सीटलाच बांधून टाकली होती. मग सगळ्या टीम नुसतं 'पिन ओके' ओरडायच्या. जगतापही ओरडले होते, खणखणीत.

त्यांच्या मुलीचा साखरपुडा त्याच संध्याकाळी राहुरीला होता. पास झाले तर सुट्टी. नापास झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा, आणि तोवर टीम लीडरला ग्राउंड सोडता येत नाही.

ग्राउंडचे प्रमुख, स्क्वाड्रन लीडर साहेब, सावलीतून उठून आले. "मॅडम, भंगार आहे ते. त्यात रॉकेट कुठंय?"

"सर, रॉकेट असलेल्या विमानापाशीही हे असंच ओरडतील."

"पोरीचा साखरपुडा आहे हो त्याचा."

"माहीत आहे. आमंत्रण मलाही आहे."

उन्हानं डोकं ठणकत होतं. वाद घालायची ताकद नव्हती. मी नापास लिहिलं आणि स्कूटरवरून सावेडीला घरी आले. राहुरीला गेले नाही. मुलीचा बाप इथं अडकवून मी तिथं काय जेवणार होते?

दुसऱ्या दिवशी जगतापांनी पिन लावली, ओढून पाहिली, मगच ओरडले. पास.

"मोबाईलवर पाह्यला साखरपुडा," खाली येऊन ते म्हणाले. "नेमकी अंगठी घालताना रेंज गेली."

मी निकालाच्या कागदावर सही केली.

"लग्नाला या मात्र मॅडम. फक्त तिथं काही काढून ठेवू नका."

पिन बांधून ठेवणं तेव्हापासून बंद आहे. आता पिना सारख्या हरवतात, नव्या मागवाव्या लागतात. साहेब कुरकुरतात. मी सांगते, हरवतेय म्हणजे कुणीतरी हातात घेतंय.