पदराचा ओला शेव

हे मी नवऱ्यापाशी बोलले नाही, माहेरीही नाही. कोण वाचेल, कुणी वाचेल की नाही, ठाऊक नाही — म्हणूनच लिहायला धीर होतो आहे.

तुम्हाला खरी तहान कधी लागली आहे का? नुसता घसा कोरडा पडतो ती नव्हे. जीभ टाळूला चिकटते, कुशीत लेकरू रडत असतं आणि कान मात्र चुलीजवळच्या माठाकडे असतात — ती. चौथीच्या पुस्तकात होतं, अंगातलं पाणी कमी झालं की शरीर तहानेने ते मागून घेतं. घाम, रक्त, सगळं त्यावरच चालतं. तो धडा मी गुरुजींना तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

आमच्या वैनगंगेकाठच्या गावात पाचवीची पूजा होईपर्यंत बाळंतिणीला पाणी देत नाहीत. पोटात गारवा शिरतो म्हणतात. खाटेखाली निखारे, ओव्याचा धूर, खायला सुंठ-तूप, आणि दार बंद. सुईण सांगायची, ही तहान खोटी, शेकाने येते, आपोआप जाते. ती जात नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी भोगली आहे. धाकटी जाऊ पारबता तेव्हा नवी नवरी होती. विहिरीवरून बाळाचे कपडे धुऊन येताना ती पदराचा शेव मुद्दाम भिजवून आणायची आणि सासूबाईंची पाठ वळली की माझ्या तोंडात द्यायची. "चोखा लवकर, बाई." सापडली असती तर तिला माहेरी धाडलं असतं.

दीड-दोन वर्षांनी तिची वेळ आली. मुलगा झाला. सासूबाईंनी गावभर गूळ वाटला. माझ्या मुलीच्या वेळी कुणी विचारलं, तर त्या नुसतं "झाली" म्हणायच्या. हे कारण म्हणून सांगत नाही — होतं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला तिच्याजवळ बसवलं होतं. तिचे ओठ फुटले होते. ती हळूच म्हणाली, "बाई, पदर भिजवून देता का मले?"

मी म्हणाले, "आत्याबाई वसरीत बसून राह्यल्या. आयकतील."

तुम्ही म्हणाल, भित्री बाई, सासूला घाबरली. मीही स्वतःला पुष्कळ दिवस तेच सांगितलं. पण — ओसरीत कुणी नव्हतं. धानाची मळणी चालली होती, सासूबाईंसकट सगळे खळ्यावर गेले होते. घरात आम्ही दोघी, दोन लेकरं आणि भरलेला माठ. मला ते ठाऊक होतं.

मग मी चुलीपाशी गेले आणि उभ्यानेच गडवाभर पाणी प्याले. मला तहान नव्हती. तोंड पुसलं, तर पदर ओला झाला. तो तरी तिला द्यायचा? — तो वाळेपर्यंत मी बाहेरच थांबले.

तिला ताप चढला. पाचवीला पाणी मिळालं तोवर तिचं दूध गेलं होतं. सुईण म्हणाली, नजर लागली. मला धडा आठवत होता. माझी मुलगी अजून अंगावर पीत होती. मी पारबताच्या मुलालाही पाजलं. तो जगला. बाया म्हणाल्या, जाऊ असावी तर अशी. मी ते ऐकून घेतलं. काय बोलायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं का?

आता तो अंगणभर धावतो. पारबता त्याला सांगते, मोठ्या आईने तुले वाचवलं.

त्या दुपारची गोष्ट एकदाच निघाली, गेल्या रोवणीला. दोघी चिखलात वाकलेल्या. तिनेच काढली. म्हणाली, "आत्याबाई होत्या ना वसरीत. तुमी तरी काय करान, बाई?"

मी हातातली रोपांची पेंढी सोडली आणि हो म्हणाले.