निळ्या दोऱ्याची गाठ

तेरखेड्याचा नबीलाल निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या गिरणीत लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. लढाईमुळं गंधक मिळेना आणि घरचा शोभेच्या दारूचा धंदा निम्म्यावर आला. मागं भाऊ आणि बायको नसीमबी तो कसाबसा रेटत होते.

इंग्रजी मुलखात त्याला ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या भादव्यात शनिवारी गणपतीचा मेळा होता, रविवारी दर्ग्याचा उरूस. दोन्ही दिवस पावसानं पाठ सोडली नाही. लोक छत्र्या सावरत तेरखेड्याहून आलेल्या शोभेच्या दारूच्या नळ्यांचे फुलोरे बघायचे आणि हा बाबा चिखलातून विझलेल्या नळ्यांच्या पुंगळ्या उचलायचा. तेरखेड्यात दारू करणाऱ्या प्रत्येक घराचा पुंगळीच्या बुडाशी बांधायचा दोरा वेगळा. नबीलालच्या घरचा निळा. तो नसीमबीच बांधायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ती डावखुरी, म्हणून तिची गाठ कायम उलटी बसायची.

शनिवारी काही लागलं नाही. रविवारी संदलाच्या मिरवणुकीपुढं निळा दोरा दिसला. त्यानं पुंगळी सदऱ्याला पुसली.

"काय हरवलं, चाचा?" फुलवाल्यानं विचारलं.

"हरवलं न्हाय, घावलं," नबीलाल हसला.

मग त्यानं गाठ बघितली. सुलटी होती. त्यानं दुसरी पुंगळी उचलली, तिसरी, सातवी. साऱ्यांच्या गाठी सुलट्या.

खिशात भावाचं कालच आलेलं खत भिजत होतं. त्यात लिहिलं होतं, "भाभी मजेत हाय. तुमी मुद्दाम यायची गरज न्हाय."