डोळे रोखीनं

“सगळा देव आजच उधारीनं घेऊन जा, पण डोळे रोखीनं,” असं म्हणून तो ब्रश कानावर खोचायचा आणि बिडी पेटवायचा. मग समोर पाटील असो की पुजारी, ब्रश खाली यायचा नाही.

धाड गावच्या बाजारामागच्या गल्लीत तो राहायचा. गणपती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, दुकानांच्या पाट्या, नाटकाचे पडदे, सगळं करायचा. त्याचं काम तुम्हीही पाहिलं असेल. नाव ठाऊक नसेल, कारण ते कोणी विचारायचंच नाही. सगळे नुसतं ‘चितारी’ म्हणायचे.

मूर्तीचे डोळे शेवटी लिहायचे ही जुनीच रीत. रोखीची अट त्याची. मी एकदा कारण विचारलं.

“भाऊ, देव एकदा पाण्यात गेला का मंग पैसे कोण देते?” तो म्हणाला. “आन् डोळ्याबिगर पूजा होत नाही. माह्या हातात तेवढंच हाय.”

लोक त्याला शहाणपण शिकवायचे. शाळेत ड्रॉइंग मास्तर हो, कचेरीत चिकट. त्याचं उत्तर ठरलेलं. “मले कोणाच्या दारात उभं राहाचं नाही. ब्रश माहा, मर्जी माही. त्याच्यावर घर चालावं, बस.”

यात मस्तवालपणा कुठे आहे? सुताराने असं म्हटलं तर आपण मान डोलावतो. चिताऱ्याने म्हटलं की लगेच त्याला कलेचा व्यापारी ठरवतो!

उंद्रीकडच्या एका देशमुखाचा गडी चतुर्थीच्या सकाळी बैलगाडी घेऊन आला. मी तिथेच बसलो होतो. गणपती तयार होता, डोळ्यांच्या जागी पांढरं.

“देवाले आंधळा धाडतं काय बे?” गडी ओरडला.

“मी नाही धाडत. तुह्या मालकानं मांगच्या साली मुखवटे फुकट नेले. ते देवीचे डोळे मी भरोशावर लिहिले होते. यंदा नाही.”

गड्याने मूर्ती तशीच उचलली. वाड्यावर मुनीमजींनी बोरूने शाईचे डोळे काढले. एक उंदराकडे पाहत होता, दुसरा छपराकडे. आरतीला आलेलं सगळं गाव पदर तोंडात घालून हसलं. हसण्याची किंमत चिताऱ्याला पडली. देशमुखाने पाचपन्नास गावांत निरोप फिरवला, या माणसाला काम द्यायचं नाही. आणि हसणाऱ्यांपैकी एकानेही त्या सालानंतर त्याच्याकडून मूर्ती घेतली नाही.

अशा वेळी आम्ही त्याच्याकडे गेलो. आम्ही म्हणजे देशभक्त मंडळी. नागपूरच्या इंग्रज सरकारला जाहीर शिव्या देणारे. वेठबिगारीविरुद्धचं पत्रक आठच दिवसांपूर्वी मी स्वतः लिहिलं होतं. साहेबाचा तंबू फुकट वाहायला लावणं ही लूट आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. आमच्या राजकीय परिषदेच्या मंचामागे मोठा पडदा हवा होता: कपाशीच्या शेतात सूत कातणारी वऱ्हाडी बाई.

आतून त्याची बायको रंगाचा खल थांबवून म्हणाली, “आंधी डोळ्याचं इचारा त्याइले.”

“अवं, हे आपले लोक हायेत,” तो म्हणाला.

दहा दिवस तो त्या पडद्यावर वाकलेला होता. रंग त्याचा, तेल त्याचं. डोळेसुद्धा पैसे न मागता लिहिले. ते इतके जिवंत होते की सभेत मागच्या रांगेतल्या बायाही टक लावून बघत होत्या. अध्यक्षांनी त्याला मंचावर बोलावलं, सुताचा हार घातला, नारळ दिला. कलावंत हा राष्ट्राचा आत्मा आहे, असं म्हणाले. टाळ्या झाल्या.

खाली उतरताना त्याने माझी बाही धरली. “भाऊ, निदान रंगाचं तरी?”

“अहो, देशकार्य आहे हे!” मी म्हणालो.

त्याने बाही सोडली. देशमुखाशी भांडणारा माणूस माझ्याशी भांडला नाही, याची चीड मला आजही येते. आणि तेव्हा आली नाही, याची त्याहून जास्त.

दुसऱ्या परिषदेच्या आधी धाडला गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, खामगावला गेले दोघं. तिथे एका जिनात, कापसाच्या कारखान्यात, तो सापडला. एका हातात नंबर कोरून काढलेला पत्रा, दुसऱ्यात काळ्या रंगाचा कुंचा. कापसाच्या गाठीवर पत्रा ठेवायचा, कुंचा फिरवायचा, पुढची गाठ. केसांवर, भुवयांवर कापसाची रुई.

“हे काय करून राह्यले?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.

“बरं हाय इथं,” तो म्हणाला. “इथं मले कोणी कलावंत म्हणत नाही. म्हून शनिवारी पैसे भेटते.”

खोटं कशाला लिहू? माझ्या पिशवीत नव्या पडद्याची मागणी करणारी चिठ्ठी होती आणि मी ती काढली. त्याने हात पुसून ती पूर्ण वाचली, नीट घडी घालून मला परत दिली आणि पत्रा पुढच्या गाठीवर ठेवला.

परिषद झाली. या खेपेला मंचामागे कोरं कापड होतं. देशी कलांना सर्वांनी उत्तेजन द्यावे, हा ठराव एकमताने मंजूर झाला. तो मी लिहिला होता.