तिसरी मोजणी

मोजणीताईंना तुम्ही ओळखत नाही, म्हणजे तुमचं पोट अजून कुणी उघडलेलं नाही, सुखी आहात.

शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या सिस्टर. रक्त टिपायला गॉजचे किती तुकडे पोटात गेले आणि किती बाहेर आले, ते शिवण्याआधी मोठ्याने मोजायचं, हे त्यांचं काम. एक जरी आत राहिला, तर माणूस हसत घरी जातो आणि आठवड्याभरात कण्हत परत येतो.

मोजायचं इस्पितळाच्या भाषेत. ताईंच्या आईची भाषा वेगळी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिच्यातला एक शब्द तोंडून निसटला, तेव्हा मोठ्या सिस्टरने सगळ्यांदेखत विचारलं होतं, हे कुठलं पाखरू ओरडलं म्हणून. त्या दिवसापासून दारात चपला काढाव्यात तशी ताई ती भाषा फाटकाबाहेर काढून ठेवत. सव्वीस वर्षं तिने आत पाऊल टाकलं नाही.

मग आई राहायला आली. म्हातारी एक नंबरची बडबडी, आणि दुसऱ्या भाषेत तिला ओ की ठो कळत नाही. पंधरा दिवस मायलेकींच्या गप्पा रंगल्या आणि इतकी वर्षं दाबलेली भाषा दुधासारखी वर आली. एकदा तर ताईंनी भाजीवाल्याला आईच्या भाषेत भाव विचारला. नवऱ्याला हसू आवरेना. ताईंना मात्र दरदरून घाम फुटला. हे मोजताना झालं तर?

झालंच. त्या दुपारी टेबलावर एक शाळामास्तर होते. आत गेलेले तुकडे वीस. पंधरापर्यंत ताईंची गाडी नीट चालली; सोळावा आकडा आईच्या भाषेतून ओठांवर आला. तो गिळून त्या पुढे गेल्या. एकोणीस भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथंच ठेच लागली, आता वीस.

“वीस ना? मग शिवतो,” डॉक्टर म्हणाले. मास्तरांचं हृदय फार तग धरणार नाही, अशी भूलतज्ज्ञांची मघापासून कुरकुर चाललीच होती.

गप्प बसावं, तर मास्तरांच्या पोटात चिंधी राहायची. थांबवावं आणि काहीच सापडू नये, तर वाया गेलेल्या वेळात मास्तरच जायचे.

“थांबा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “दोन भाषा एकदम जिभेवर येतायत माझ्या. एकदा आईच्या भाषेत मोजू द्या.”

सुई हवेतच थांबली. ताईंनी एकेका तुकड्यावर बोट ठेवत मोजलं. खोलीत कुणाला एक अक्षर कळलं नाही.

“एकोणीसच. एक आत आहे.”

“आम्हाला काय कळणार,” भूलतज्ज्ञ पुटपुटले, “मोजलंत की शिव्या घातल्यात.”

डॉक्टरांनी मात्र हात आत घातला. यंत्राची टिकटिक मध्येच लांबत होती. चौथ्या चाचपणीत यकृतामागून भिजलेला तुकडा निघाला.

हात धुताना डॉक्टर एवढंच म्हणाले, की आकडे कळले नाहीत, पण या खेपेला तुम्ही अडखळला नाहीत.

मास्तर वाचले, ताईंची भीती काही गेली नाही. आता त्या रोज अर्धा तास आधी येतात आणि कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून आधी एका भाषेत वीसपर्यंत मोजतात, मग दुसऱ्या भाषेत. भूलतज्ज्ञ बाहेरून विचारतात, आज कुणाचा उद्धार चाललाय?

ताई उत्तर देत नाहीत. मध्ये बोललं, की पुन्हा एकपासून.